गोव्यात एखाद्यावर फौजदारी खटला आहे का, हे कसं तपासायचं

खोली भाड्याने द्यायची असते, गाडीवर ड्रायव्हर ठेवायचा असतो, जमिनीच्या व्यवहारात भागीदार घ्यायचा असतो, किंवा घरात सोयरिकीची बोलणी चाललेली असतात. अशा वेळी कोणीतरी विचारतंच, ‘त्याच्यावर काही केस-बीस आहे का, बघा जरा.’ नाव टाकलं की माणसाचा सगळा गुन्हेगारी इतिहास समोर येईल अशी सरकारी खिडकी गोव्यात नाही, देशात कुठेच नाही. सीसीटीएनएस ही देशभरातली पोलीस स्थानकं जोडणारी संगणकीय नोंद पोलिसांपुरती असते. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ साली सुरू झाली, तीही फक्त तपास यंत्रणांना दिसते. पोलीस स्थानकातली हिस्ट्री शीट हा अंतर्गत कागद आहे, मागितला म्हणून मिळत नाही.

सामान्य माणसाला उघडी आहेत ती तीन दफ्तरं: न्यायालयातल्या खटल्यांची नोंद, पोलिसांनी संकेतस्थळावर टाकलेले एफआयआर, आणि निवडणूक लढवलेल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं. चौथा कागद म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), पोलिसांच्या नोंदी पाहून मिळणारा दाखला, पण तो त्या माणसाने स्वतःच काढून द्यावा लागतो. यांतलं न्यायालयाचं दफ्तर सगळ्यात भरवशाचं, म्हणून वेळ तिथेच घालवावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. या सगळ्या शोधात नाव हा सगळ्यात कच्चा धागा आहे आणि नंबर सगळ्यात पक्का. नावावरून नंबरापर्यंत पोचायचं आणि मग नंबरावरून खात्री करायची. नावावरच थांबलात तर भलत्याच माणसाला आरोपी ठरवाल, नाहीतर खरी केस नजरेतून सुटेल.

आधी काय गोळा करायचं

पूर्ण नाव, वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव, गाव आणि वाडा, अंदाजे वय, आणि गेल्या दहा वर्षांत माणूस कुठे कुठे राहिला ते. नाव रोमन लिपीत कसं लिहिलंय हे आधार, मतदार ओळखपत्र आणि पासपोर्ट अशा तिन्हींवरून पाहा. गोव्यात ही तिन्ही स्पेलिंगं एकसारखी निघाली तर नशीब समजा. नाव बदललंय का, हेही सरळ विचारा. नाव व आडनाव बदलण्यासाठी गोव्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि बरेच लोक त्याखाली नाव बदलून घेतात. जुना खटला जुन्या नावावरच राहतो.

ई-कोर्ट्सवर शोध

न्यायालयातल्या खटल्यांच्या नोंदीचं सरकारी संकेतस्थळ आहे सर्व्हिसेस डॉट ईकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ नावाचं मोबाईल ॲपही आहे. दोन्ही फुकट आहेत, लॉगिन लागत नाही. पैसे मागणारं किंवा ‘बॅकग्राउंड चेक’च्या नावाने आधार क्रमांक विचारणारं पान उघडलं असेल तर ते बंद करा, ते सरकारी नव्हे.

‘केस स्टेटस’मध्ये जाऊन राज्य गोवा, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडायचं. पणजी (जिल्हा न्यायालय आता मेरशीला आहे), म्हापसा, डिचोली, पेडणे, वाळपई ही उत्तरेकडची. मडगाव, वास्को, केपे, सांगे, काणकोण ही दक्षिणेकडची. फोंड्याच्या बाबतीत घोटाळा होतो. महसुली हिशेबाने फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, पण न्यायालयांची विभागणी महसुलाबरहुकूम चालतेच असं नाही. एका जिल्ह्याच्या यादीत फोंडा दिसलं नाही तर दुसऱ्या जिल्ह्यात पाहा.

मग ‘पार्टी नेम’ हा पर्याय. नावाची किमान तीन अक्षरं, वर्ष, आणि प्रलंबित, निकाली किंवा दोन्ही. ‘दोन्ही’च निवडा. खालच्या चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाकली की यादी येते.

इथे बहुतेकांची चूक होते ती वर्षात. तिथे लागतं ते खटला न्यायालयात नोंदवल्याचं वर्ष. गुन्हा घडला ते वर्ष वेगळं. मारामारी २०१८ च्या गणेश चतुर्थीत झाली, आरोपपत्र २०२० साली गेलं, तर केस २०२० खाली सापडेल. म्हणून गुन्ह्याचं वर्ष माहीत असलं तरी पुढची तीन-चार वर्षं एकेक करून तपासायची. अटकेत असलेल्या आरोपीवर ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र न गेल्यास तो जामिनाचा हक्कदार होतो, त्यामुळे तशी आरोपपत्रं लवकर जातात. आरोपी बाहेर असेल तर घाई कोणालाच नसते. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात न्यायालयाने तीन वर्षांच्या आत दखल घ्यावी लागते, म्हणून किरकोळ प्रकरणांत तेवढा पल्ला धरावा.

दुसरी अडचण संकुलाची. शोध एका वेळी एकाच संकुलात चालतो. सगळा गोवा एकदम निवडता येत नाही. दहा वर्षं आणि अकरा संकुलं म्हणजे एकशे दहा शोध झाले, तेवढा वेळ कोणाकडे नसतो. म्हणून पोलीस स्थानकावरून संकुल ठरवा. हणजूण, कळंगुट, साळगाव, पर्वरी, कोलवाळ इथला गुन्हा म्हणजे म्हापसा. पणजी, जुने गोवे, आगशी म्हणजे पणजी-मेरशी. फातोर्डा, कोलवा, मायणा-कुडतरी म्हणजे मडगाव. माणूस राहतो कुठे यापेक्षा तो वावरतो कुठे हे महत्त्वाचं: पेडण्याचा टॅक्सीवाला कळंगुटच्या स्टँडवर भांडला तर केस म्हापशाला. अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांचं विशेष न्यायालय म्हापशाला आहे. मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस गोवा बाल कायदा, २००३ खालच्या बाल न्यायालयात जातात.

पान मध्येच ‘सेशन एक्सपायर्ड’ म्हणून उडतं. मागे जाण्याचं बटण दाबू नका, मुख्य पानापासून पुन्हा सुरू करा. आणि यादी रिकामी आली म्हणजे केस नाही असं लगेच धरू नका. स्पेलिंग बदलून पाहिल्याशिवाय रिकाम्या यादीला काही किंमत नाही.

आडनावांची भानगड

गोव्याच्या न्यायालयांचा कारभार इंग्रजीतून चालतो, नोंदी रोमन लिपीत होतात, आणि आपली आडनावं साडेचारशे वर्षं पोर्तुगीज लिखणावळीत राहिलेली. एका घरातला थोरला भाऊ जुन्या जन्मदाखल्याप्रमाणे लिहितो, धाकटा शाळेत लागला तसा. पोलीस शिपाई पंचनाम्यात तिसरंच लिहितो. खटल्यावर चढतं ते बहुधा शिपायाचं.

पोर्तुगीज पद्धत ध्यानात आली की शोध सोपा होतो. ‘क’साठी ‘के’ हे अक्षर जुन्या कागदांत नसतंच. तिथे ‘सी’ येतं, आणि पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ असा उच्चार असेल (के, कि) तर ‘क्यू-यू’. म्हणून बांदोडकर, वेर्णेकर, रायकर यांच्या शेवटी ‘के-ए-आर’ही असेल आणि ‘सी-ए-आर’ही. केरकर ‘क्यू-यू’ने सुरू होऊ शकतो, नाईक ‘क्यू-यू-ई’ने संपू शकतो. ‘श’च्या जागी ‘एक्स’ बसतो, त्यामुळे शिरोडकर तीन ठिकाणी सापडतो: ‘एस-एच’खाली, नुसत्या ‘एस’खाली आणि ‘एक्स’खाली. देसाईत एक ‘एस’ किंवा दोन. कामत हा ‘कामोतीं’ होऊन ‘सी’ने सुरू होतो आणि ‘एम’ने संपतो. प्रभू हा ‘पोरोब’ झालेला असतो, आणि तोच माणूस मराठी कागदावर परब म्हणूनही भेटू शकतो.

ख्रिश्चन आडनावांत घोळ वेगळा. फर्नांडिसच्या शेवटी ‘एस’ की ‘झेड’, डिसोझामध्ये वर स्वल्पविराम आहे, मोकळी जागा आहे की ‘डी-ई’ सुटं लिहिलंय, याचा भरवसा नाही. शिवाय बाप्तिस्म्याची दोन-तीन नावं असतात. कागदावरचं पहिलं नाव घरात कोणी हाकच मारत नाही, एफआयआरमध्ये मात्र कधी ते, कधी दुसरं. ज्याला सगळे पेद्रू म्हणतात तो आधारवर भलत्याच नावाने असतो. हिंदू घरांतही बाबू, बाब, दादू, आपा अशी हाक पोलिसांच्या कागदांत ‘उर्फ’ म्हणून येते. पोलीस ‘उर्फ’साठी ईमेल पत्त्यातलं गोल ॲट-चिन्ह वापरतात. दोन नावांच्या मध्ये ते दिसलं की पुढचं नाव टोपणनाव समजा, आणि त्या नावानेही एकदा शोधा.

उपाय असा की पूर्ण नाव टाकूच नका. स्पेलिंग बदललं तरी न बदलणारा तुकडा टाका. शिरोडकरसाठी ‘आर-ओ-डी’, फर्नांडिससाठी ‘एफ-ई-आर-एन-ए-एन’, डिसोझासाठी ‘एस-ओ-यू’. यादी लांब येते हे खरं, पण गावावरून आणि पोलीस स्थानकावरून ती चाळता येते. आडनाव फारच सामान्य असेल, बार्देशात नाईक किंवा सासष्टीत फर्नांडिस, तर उलट करा: पहिल्या नावाची चार-पाच अक्षरं टाका आणि आडनाव डोळ्यांनी शोधा.

गोव्याबाहेरून आलेल्या माणसासाठी गोव्यातला शोध अर्धाच. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडून रोज कामाला येणारे असतील तर ई-कोर्ट्सवर महाराष्ट्र राज्य, सिंधुदुर्ग जिल्हा निवडून तिथली संकुलं पाहा. कारवार, जोयडाकडचे असतील तर कर्नाटकातला उत्तर कन्नड, खानापूरचे असतील तर बेळगाव. बिहार, ओडिशा, झारखंडकडच्या माणसाचा जिल्हा आधारवरच्या पत्त्यात असतो.

केसचं पान कसं वाचायचं

यादीत नाव दिसलं की ‘व्ह्यू’ दाबून पूर्ण पान उघडा. पहिली गोष्ट उतरून घ्यायची ती सीएनआर क्रमांक. सोळा अक्षर-अंकांचा हा क्रमांक गोव्यात ‘जीए’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. हा मिळाला की नाव, वर्ष, संकुल काही लागत नाही. पुढच्या खेपेला नुसता सीएनआर टाका. ॲपमध्ये ती केस साठवूनही ठेवता येते.

दुसरं, माणूस कुठल्या बाजूला आहे ते पाहा. पोलिसांनी घातलेल्या केसमध्ये वर ‘स्टेट’ किंवा पोलीस निरीक्षक आणि खाली आरोपी असतो. पण चेक न वटल्याच्या तक्रारीत वरच्या बाजूला तक्रारदार असतो, म्हणजे ज्याचे पैसे बुडाले तो. यादीत नाव दिसलं म्हणून घरमालकाने भाडेकरूला नकार दिला, आणि भाडेकरू होता फिर्यादी, असं सहज होऊ शकतं. जामीनअर्जातही नाव वरच्या बाजूला येतं, तेव्हा मात्र अर्जदार हाच आरोपी. एकाच गुन्ह्याचा अटकपूर्व जामीन, नियमित जामीन आणि मूळ खटला अशा तीन-चार नोंदी दिसतात. त्यांना तीन-चार गुन्हे समजू नका. एफआयआर क्रमांक जुळवून पाहा, एकच निघेल.

आरोपी अनेक असतील तर यादीत पहिल्याचं नाव आणि ‘व इतर’ एवढंच दिसतं. आत उघडून सगळी नावं पाहा.

तिसरं, कायदा आणि कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. आकड्याआधी कायद्याचं नाव वाचल्याशिवाय काही बोलू नका. जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत खुनाचं कलम १०३, आणि नवं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावतील असे शब्द उच्चारणं, ज्याला कमाल शिक्षा एक वर्ष. जुनं ३०४ सदोष मनुष्यवधाचं, नवं ३०४ हिसकावून चोरी करण्याचं. फसवणुकीचं प्रसिद्ध ४२० आता ३१८(४) आहे, साध्या चोरीचं ३७९ आता ३०३(२), हयगयीने मृत्यूचं ३०४-अ आता १०६(१). जुन्या तारखेच्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, त्यामुळे पुढची अनेक वर्षं दोन्ही आकडे दिसत राहणार.

कलमांचं वजनही पाहा. मोटार वाहन कायद्याचं १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. ड्रायव्हर नेमताना याला फार महत्त्व, भाडेकरू ठेवताना कमी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज किंवा पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर चालतो म्हणून यादीत येतो, पण तो गुन्ह्याचा खटला नाही.

चौथं आणि सगळ्यात जपून वाचायचं: निकालाचा प्रकार. पानावर ‘डिस्पोज्ड’ एवढं वाचून लोक उडी मारतात. त्याचा अर्थ फाईल बंद झाली इतकाच. कशी बंद झाली ते ‘नेचर ऑफ डिस्पोजल’समोर असतं. ‘अक्विटेड’ म्हणजे पुरावे तपासून निर्दोष सुटला. ‘डिस्चार्ज्ड’ म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा नाही म्हणून आरोपनिश्चितीआधीच सोडला. ‘कम्पाउंडेड’ म्हणजे दोघांत तडजोड झाली. शेजाऱ्यांच्या भांडणांत आणि चेकच्या केसमध्ये हा शेवट नेहमीचा. ‘विथड्रॉन’ म्हणजे खटला मागे घेतला. ‘अबेटेड’ म्हणजे आरोपी वारला. ‘प्लीड गिल्टी’ म्हणजे गुन्हा कबूल केला, ही शिक्षाच, मग दंड पाचशे रुपये का असेना.

यांत फसवं आहे ते ‘कमिटेड’. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे खटले सत्र न्यायालयच चालवतं, पण आरोपपत्र आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातं. तो ती केस सत्र न्यायालयाकडे पाठवतो आणि त्याच्या दफ्तरी ती ‘डिस्पोज्ड’ होते. पुढे नव्या क्रमांकाने, नव्या सीएनआरने ती जिल्हा व सत्र न्यायालयात चालू असते. म्हणजे खुनाचा आरोपी वरवर ‘केस संपलेला’ दिसतो. असं दिसलं तर त्याच एफआयआर क्रमांकाने सत्र न्यायालयात पुन्हा शोधा.

शिक्षा झाली असेल तर अपील पाहा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध अपील सत्र न्यायालयात जातं, सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोष पुसला असं होत नाही. अपीलात निर्दोष सुटला तर मात्र पुसला, आणि ही नोंद खालच्या न्यायालयाच्या पानावर दिसत नाही. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा, १९५८ खाली समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडलेल्यांना दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, हेही नोकरी देताना ध्यानात घ्या.

पानाच्या तळाशी आदेशांची यादी असते. निकालाची पीडीएफ असेल तर ती उतरवून पहिलं पान वाचा. आरोपीचं वय, वडिलांचं नाव, घर क्रमांक, वाडा तिथे लिहिलेला असतो. ‘हाच तो’ हे ठरतं इथे. नाव, वडिलांचं नाव आणि गाव तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एफआयआर क्रमांकावरून

पोलीस स्थानक, क्रमांक आणि वर्ष ठाऊक असेल तर ई-कोर्ट्सवरच ‘एफआयआर नंबर’ने शोधा. क्रमांकाच्या चौकटीत नुसता आकडा, वर्ष वेगळं. वर्तमानपत्रातल्या बातमीत क्रमांक नसला तरी स्थानक आणि तारीख असते, तेवढ्यावर गोवा पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर एफआयआर शोधता येतो.

एफआयआर चोवीस तासांत, आणि अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत, संकेतस्थळावर टाकावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला दिला. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे एखाद्यावर बलात्काराचा गुन्हा असेल तर तो तिथे दिसणारच नाही. आरोपपत्र संकेतस्थळावर मिळेल अशी आशा धरू नका; ते सार्वजनिक कागद नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

स्थानिक पोलीस स्थानकापुरतं पाहून थांबू नका. नोकरीच्या नावाने फसवणूक, जमीन घोटाळा, ऑनलाइन लूट, अमली पदार्थ हे गुन्हे रायबंदरच्या गुन्हे शाखेत, सायबर स्थानकात, आर्थिक गुन्हे विभागात किंवा अमली पदार्थविरोधी विभागात नोंदले जातात. म्हापशाच्या माणसाचा गुन्हा म्हापशाच्या यादीत नसण्याचं हे एक नेहमीचं कारण.

एफआयआर आहे पण खटला नाही, असंही असतं. तपास चालू असेल, किंवा पोलिसांनी समरी अहवाल दिला असेल. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा पत्ता नाही, ‘बी’ म्हणजे तक्रारच खोटी, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार. ‘बी’ समरी झालेला एफआयआर दाखवून कोणाची बदनामी करणं अंगाशी येऊ शकतं.

कुठेच सापडत नाही ते

शांतता भंग होऊ नये म्हणून केलेली अटक किंवा बंधपत्र, ज्याला लोक अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून ‘१५१’ म्हणतात, ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे असतं, म्हणजे मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्याकडे. ते ई-कोर्ट्सवर येत नाही. अल्पवयीन असताना केलेल्या गुन्ह्याची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. आणि ई-कोर्ट्स प्रकल्प सुरू झाला २००७ साली. त्याआधी निकाली निघालेले खटले संगणकात सापडण्याची शक्यता कमी, ते न्यायालयाच्या अभिलेख कक्षात.

माहिती अधिकाराखाली ‘अमक्यावर किती गुन्हे आहेत’ असं पोलिसांना विचारून फार काही हाती लागत नाही. तपासात अडथळा येईल म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(एच) किंवा खाजगी माहिती म्हणून ८(१)(जे) दाखवून अर्ज परत येतो, आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(जे) आणखी आवळलं आहे. दहा रुपयांचा स्टँप आणि तीस दिवस वाया.

उच्च न्यायालय

गोवा खंडपीठ २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. त्याची नोंद मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर वेगळी शोधावी लागते. खंडपीठ निवडताना ‘गोवा’ निवडा, नाहीतर मुंबईची यादी उघडते.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि भाडेकरू पडताळणी

नोकरी देणाऱ्याने स्वतः शोधत बसण्यापेक्षा उमेदवारालाच पीसीसी आणायला सांगावं, हे जास्त सरळ. त्याच्या संमतीने होतं आणि पोलीस आपल्या नोंदी पाहतात. पीसीसी दोन वेगळ्या ठिकाणी मिळतं आणि लोक चुकीचं घेऊन येतात. जहाजावर जाणारे तारवटी, आखाती देशांत किंवा पोर्तुगाल-इंग्लंडला जाणारे यांना पासपोर्ट सेवेमार्फतचं लागतं, शुल्क ₹५००. स्थानिक नोकरीसाठी गोवा पोलिसांचं चालतं. परदेशी दूतावास बहुधा सहा महिन्यांपेक्षा जुनं सर्टिफिकेट घेत नाहीत, म्हणून करार हातात येण्याआधी घाईने काढून ठेवू नका.

गोवा पोलिसांचं सर्टिफिकेट गोव्यापुरतं बोलतं. तीन वर्षांपूर्वी हुबळीहून आलेल्या माणसाबद्दल त्यातून फार कमी कळतं; त्याने मूळ गावच्या पोलिसांचंही आणावं.

गोव्यात घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूची माहिती पोलीस स्थानकात देणं सक्तीचं आहे. अर्ज, फोटो, ओळखपत्राची प्रत, मूळ गावाचा पूर्ण पत्ता आणि तिथलं पोलीस स्थानक. हे शेवटचे रकाने रिकामे ठेवणारे घरमालक खूप, आणि मग पडताळणी पुढे सरकतच नाही. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासकट घ्या. पोच म्हणजे माणूस स्वच्छ असल्याचा दाखला नव्हे, तुम्ही कळवल्याचा पुरावा आहे.

आमदार, खासदार आणि इच्छुक

विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवारांना अर्जाबरोबर नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात प्रलंबित खटले आणि शिक्षा लिहाव्या लागतात. ही प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघानुसार उघडतात. त्यात एफआयआर आणि केस क्रमांक तयार मिळतो, तो ई-कोर्ट्सवर टाकून आजची स्थिती पाहा, कारण प्रतिज्ञापत्र अर्ज भरला त्या दिवसापुरतं खरं असतं.

प्रमाणित प्रत

ई-कोर्ट्सवरची पीडीएफ वाचायला चालते, कुठल्या कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी ज्या न्यायालयात खटला चालला तिथल्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा. खटल्यात पक्षकार नसाल तर प्रत कशासाठी हवी ते लिहावं लागतं आणि परवानगी न्यायाधीशाची. सीएनआर, केस क्रमांक आणि निकालाची तारीख अर्जात लिहिली तर काम लवकर होतं. नुसतं नाव लिहून दिलं तर कारकून अर्ज परत करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

मिळालेल्या माहितीचं काय करायचं

पान छापून फाईलला लावा. स्क्रीनशॉट वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आरोपीला गुन्हेगार म्हटलं तर न्याय संहितेच्या ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख कोणत्याही रूपात पसरवली तर कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. गावात नाव न लिहिताही ‘तिच्या नवऱ्याच्या भावावर केस आहे’ एवढ्या वाक्याने ओळख पटते.

नाव जुळतंय पण वडिलांचं नाव दिसत नाही, अशी केस सापडली तर त्या माणसालाच सीएनआर दाखवून विचारा. दुसऱ्याची असेल तर तो सांगेल, आणि बहुतेक वेळा गावातल्या त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा पत्ताही देईल.

आपल्याच नावावर भलत्याची केस दिसत असेल तर निकालाची किंवा एफआयआरची प्रत काढून ठेवा, ज्यात खऱ्या आरोपीच्या वडिलांचं नाव आणि पत्ता आहे. ती, आधार आणि जन्मदाखला एकत्र जोडून ठेवले की पासपोर्ट किंवा व्हिसाच्या पडताळणीला पोलीस घरी आले तेव्हा दारातच दाखवता येतात.